मड टायर आणि दोन इरली

देवावर माझा विश्वास होता, पण तो देवघरापुरता. रस्त्यावर उतरलो की सगळा भरवसा टायरांवर. पेणला रामवाडीत राहून जीपला खोल खाचांचे मड टायर बसवणारा मी एकटाच शहाणा! डांबरी रस्त्यावर ते एवढे घरघरत की शेजारी बसलेल्या बायकोशी ओरडून बोलावं लागे. डिझेल जास्त जाई, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी सरकत पुढे जाई. बायको कुरकुरली की मी म्हणायचो, "चिखल लागू दे, मग कळेल."

तो चिखल रोह्याच्या पलीकडे, तिच्या माहेरच्या गावी लागला. लावणीचे दिवस होते. सकाळी परसात लाकडं उचलताना तिच्या पायाला फुरसं चावलं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन रोह्याच्या दवाखान्यात मिळणार होतं, पण डांबरी रस्त्यापर्यंत सगळी कच्ची वाट. तिला मागच्या सीटवर निजवून मी निघालो. सुरुवातीला टायरांनी शब्द राखला. चाकं चिखल मागे भिरकावत होती, गाडी पुढे जात होती, आणि खरं सांगतो, अशा वेळीही मला मनातून अभिमान वाटत होता. मग एका शेताच्या कडेला गाडी रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागेवरच फिरली. आणखी दाबला, तर गाडी पोटावर बसली. मागे ती देवाचं नाव पुटपुटत होती. पाय सुजून टम्म झाला होता. मी त्याच देवाला शिव्या घातल्या आणि पुन्हा दाबला.

लावणी टाकून एक म्हातारा आणि त्याची बायको बांधावरून धावत आली. "अवो पावणं, पाय उचला!" म्हातारा ओरडला. "चाकाला दात हायेत. जेवढं दाबाल तेवढी जमीन खातील. जरा गप बसा." म्हातारी आत शिरली आणि हिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "घाबरू नको गो बाय. पाय हलवू नको."

मी पाय उचलला, इंजिन बंद केलं. नुसता पावसाचा आवाज राहिला. हात आपोआप जोडले गेले. रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांना एवढंच म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही. तूच ने रे बाबा." आणि त्या शांततेत आठवलं, अशा वेळी टायरांची हवा कमी करायची असते. टायर घेताना दुकानदाराने हेच पढवलं होतं. भीतीने डोक्यातून पार उडालं होतं. मी चारही चाकांची हवा थोडी सोडली. म्हाताऱ्याने डोक्यावरचं बांबू-पानांचं इरलं उतरवून एका चाकापुढे टाकलं, दुसऱ्यापुढे म्हातारीचं. भर पावसात तो उघडा उभा राहिला. "हळू," म्हणाला. इरली चिरडत गाडी अलगद वर आली.

पुढे ओल्या डांबरावर जीव घाई करत होता, पण हेच टायर तिथे दगा देणार हे ठाऊक होतं. देवाचं नाव घेत, सावकाश चालवत रोह्याला पोचलो. ती वाचली. त्या दिवशी धावून आलं ते कोण, याचा वाद मी घालत नाही.

वीसेक दिवसांनी आम्ही दोन नवी इरली घेऊन त्या शेतावर गेलो. शेवटची लावणी चालली होती. म्हातारीने चिखलाच्या हातांनी हिचा पाय धरून निरखून पाहिला आणि हसली. हिने साडी खोचली, एक मूठ रोप घेतलं आणि सरळ शेतात उतरली. "सांभाळून!" म्हणायला मी तोंड उघडलं, तसंच मिटलं. बांधावर हात जोडून उभा राहिलो.