चर्चमागची पायवाट

रेडमंडला आमच्या खालच्या मजल्यावर एक नागपूरचे काका राहायचे. ग्रीन कार्ड अडकलेलं. देशाबाहेर गेलो तर परत आत घेणार नाहीत, या धास्तीने ते कुठेच जायचे नाहीत. पण ग्रीसच्या क्रीट बेटावरचे निवांत किनारे त्यांना तोंडपाठ. बस स्टॉपवर, भर पावसात डोक्यावर गॉगल चढवून, भेटेल त्याला हळूच सांगायचे, "चर्चमागच्या पायवाटेने उतर. कोणाले सांगू नको बाप्पा, गर्दी होते."

आम्ही खरंच गेलो. पायवाट होती, किनाराही होता. तिथे तीन मराठी कुटुंबं चिवडा खात बसली होती. तिन्ही आमच्याच बस स्टॉपवरची.

परतल्यावर काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. डोक्यावरचा गॉगल काढून त्यांनी खिशात ठेवला.

"मग मी नाही जात बाप्पा तिकडे," ते म्हणाले. "कॅन्सल."