आधी टेस्टर तपासा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक परसदार आहे. उजवीकडे औजारांची खोली, दार अर्धं उघडं. आत खिळ्यांवर टांगलेल्या पकडी, पेचकस, करवती, आणि प्रत्येकीच्या मागे भिंतीवर तिचीच रंगवलेली आकृती, म्हणजे कुठली जागेवर नाही ते लांबूनही कळावं. डावीकडे दोरीवर तान्ह्या बाळाची दुपटी. मधोमध लोखंडी पिंप उभं चिरून केलेली शेगडी, तिच्यावर जाळी, जाळीवर कोंबडीचे तुकडे आणि मक्याची कणसं. शेगडीमागे लांब चिमटा घेऊन उभा असलेला माणूस टकला, खाकी अर्ध्या चड्डीतला, आणि चेहऱ्याच्या मानाने नाक दोन मापं मोठं. प्रेक्षागृहात मी एकटी, मधल्या बुटक्या भिंतीच्या अलीकडे, माझ्या वेताच्या खुर्चीत.

ह्या माणसाला सगळी गल्ली नाकोबा म्हणते. हे नाव त्याला मिळालं त्या प्रयोगात मी रंगमंचावर होते, तेव्हा तो किस्सा सांगायचा हक्क माझा.

तो आमच्या नाटक मंडळीचा वायरमन होता आणि मी राणी. माझ्या सिंहासनाच्या पाठीत दिवे लपवलेले असत, म्हणजे मी बसले की डोक्यामागे तेज फाकावं. तिसऱ्या अंकात, ऐन भाषणात, हा पठ्ठ्या खांद्यावर वायरचं वेटोळं टाकून थेट दरबारात शिरला. मी राणीच्याच आवाजात दरडावलं, "कोण आहेस तू?"

"वायरमन, सरकार. आधी सिंहासनावरून उठा."

मी उठले. त्याने पाठीची फळी ओढली आणि आतून धुराचा लोट आला. माझ्या पाठीशी वायर जळत होती आणि मला पत्ता नव्हता; त्याला पार विंगेत वास आला होता. प्रेक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं नाटकातलंच आहे. त्या दिवसापासून तो नाकोबा आणि मी राणीसरकार.

मंडळी बंद पडली. मी घरी बसले, तो लोकांच्या घरांची वायरिंग करू लागला. पण लोक त्याला बोलवायचे ते हातापेक्षा नाकासाठी. "नाकोबा, जरा येऊन वास घेऊन जा हो." मग हा दारात डोळे मिटून उभा राहायचा, गवई सूर लावण्याआधी थांबतो तसा, आणि दोन खोल्या ओलांडून एका बटणावर बोट ठेवायचा. उघडलं की आत काळं झालेलं असायचंच. वर सल्ला फुकट. "मासे आणलेले नसताना घरात मासळीचा वास आला, तर मांजराला नाही, मेन स्विचला विचारा. तापलेलं प्लास्टिक तसंच घाणतं." किंवा, "फ्यूज उडाला नाही म्हणून खूश होऊ नका. ढिला जोड फ्यूज उडवत नाही, गुपचूप तापत बसतो." आणि हातात नवा टेस्टर मिरवणारा कुणी दिसला की हमखास, "टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं मानणाऱ्यांच्या फोटोला हार चढतात. आधी चालू पॉइंटवर लावून टेस्टर जिवंत आहे का बघ, मग बंद पॉइंटला हात घाल."

शेगडीवरही तेच नाक. "ज्वाळा बघायला असते, भाजायला निखारा," म्हणत तो पाठ करून उभा राहायचा आणि तशातच ओरडायचा, "अरे, कोपऱ्यातला तुकडा फिरवा!"

तर त्या सुट्टीच्या दुपारी वहिनी, म्हणजे त्याची बायको, चिरलेल्या कांद्याचं ताट घेऊन बाहेर आली आणि नेहमीसारखी माझ्या भिंतीशी टेकली.

"ताई, एवढं पुरेल ना हो ह्यांना? हल्ली काही भरवसा नाही. मागून मागून घेतात."

"कौतुक आहे तुमच्या हाताचं."

"कुठलं हो! आयुष्यभर माझ्या भाजीत खोट काढली. हे खारट, ते कच्चं. आता म्हातारपणी जीभ सुधारली. काहीही वाढा, छान झालंय म्हणतात."

जावई शेगडीला वारा घालत होता. तो म्हणाला, "सासूबाई, गुपित मलाही सांगा. तुमच्या लेकीला उपयोगी पडेल."

तेवढ्यात लेक बाहेर आली, खांद्यावर बाळ पेंगत होतं. "बाबा, आमच्या खोलीत मासळीसारखा वास येतोय."

"मासळी मी आणलेली नाही हं," जावई म्हणाला. "आज फक्त कोंबडी."

नाकोबाने चिमटा ठेवला, आत गेला आणि लगेच परत आला. "काही नाही. शेगडीचा धूर आत गेलाय. खिडकी लावून घे."

"नक्की ना? पाळणा त्याच भिंतीला आहे."

"नाक कोणाचं?"

"तुमचं," ती हसली. "मग मलाच भास झाला असेल." आणि बाळाला निजवायला आत गेली.

नाकोबा पुन्हा शेगडीपाशी उभा राहिला. थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. जळक्या कातडीचा उग्र भपकारा भिंत ओलांडून माझ्यापर्यंत पोचला होता, आणि हा त्या धुरात अगदी ओणवा उभा, निवांत, जावयाला समजावत होता की पेचकस छिन्नीसारखा वापरू नये, टोक गोल होतं.

"बाबा, जळलं!" जावई किंचाळला.

नाकोबाने तुकडा उलटला. खालची बाजू कोळशासारखी. दुसरा उलटला, तोही तसाच. मी रंगमंचावर कितीदा तरी मेले आहे, विषाने, तलवारीने, विरहाने. पण जाळीकडे बघताना त्याचा जो चेहरा झाला तो मला कधी साधला नाही. आणि मला थंडीतली एक सकाळ आठवली. औजारांच्या खोलीमागे तो वायरचा तुकडा काडीने पेटवून नाकाखाली धरत होता. खोकत होता, डोळे गळत होते, तरी पुन्हा पुन्हा धरत होता. मला वाटलं होतं, कसला तरी प्रयोग चाललाय.

चिमटा टाकून तो घरात पळाला. मी काठी घेतली आणि फाटकातून वळसा घालून मागोमाग गेले.

मी पोचले तेव्हा बाळ वहिनीच्या हातात रडत होतं आणि पाळणा खोलीच्या मध्यावर ओढलेला. नाकोबाने मेन बंद करून बटणांचे बोर्ड उघडले होते. एक, मग दुसरा, मग बाहेरच्या बोळातला. सगळे स्क्रू घट्ट. जावयाने बॅटरी धरलेली.

"अहो, आत्ताच म्हणालात ना काही नाही म्हणून?" वहिनी म्हणाली. "मग घर का उघडं पाडताय?"

"तू गप्प बस."

तो हाताच्या पालथ्या बाजूने भिंत चाचपत होता. थंड. पुढे थंड. त्याने मेन चालू केला, पुन्हा चाचपली. मग त्याने भिंतीला नाक लावलं. ओढून ओढून श्वास घेत तो कोपऱ्यापर्यंत गेला, तिथून परत आला. नाकाच्या शेंड्याला चुना लागला होता. एरवी जावयाने त्यावर हमखास विनोद केला असता.

"बाबा, बास करा," लेकीचा आवाज चिरकला. "वास येतोय की नाही येत? एवढंच सांगा. मला अजून येतोय, तुम्ही म्हणता नाही. मी बाळाला इथे निजवू की नको?"

तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला. खिशातून टेस्टर काढला, बोटांत फिरवला.

"टेस्टर मेलाय," तो म्हणाला.

"मग दुसरा आणतो की," जावई वळला. "खोलीत टांगलेला आहे."

"हा नाही रे." त्याने बोट नाकावर ठेवलं.

जावई दारातून मागे फिरला. बाळ तेवढं रडत होतं.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी म्हटलं सर्दी आहे, जाईल. मग मिरची हुंगली, रॉकेल हुंगलं, वायर जाळून हुंगली. झोंबतं, पाणी येतं, पण वास म्हणून काही नाही, जिभेलाही चव नाही. कोरं."

"डॉक्टर?"

"म्हणाले, येईल तर येईल."

वहिनी म्हणाली, "थंडीपासून? पण तुम्ही तर रोज..." आणि थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

लेक मात्र उभीच होती. "आता काय करायचं ते सांगा. लवकर."

हे विचारल्याबरोबर तो उठला. विंगेतून खूण मिळावी तसा. "सगळं चालू करा. पाण्याचा हीटर, इस्त्री, दिवे, सगळं. जोड तापल्याशिवाय घाणत नाही. आणि तू ये इकडे. लाज सोड, भिंतीला नाक लाव. फुलासारखा वास घेऊ नकोस, कुत्र्यासारखी हुंग."

ती हुंगू लागली. "इथे आहे. नाही, इथे कमी. इकडे... बाबा, ह्या कपाटामागे!"

जावयाने कपाट ओढलं. मागे रंगाखाली बुजलेलं एक गोल झाकण होतं, पाळणा असायचा त्याच्या अगदी डोक्याशी. नाकोबाने पालथा हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग त्याने आधी चालू बटणाच्या पॉइंटवर टेस्टर लावून पाहिला. पेटला. मग म्हणाला, "मेन बंद." मग पुन्हा लावला, आणि मगच झाकण उघडलं. आतलं प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं. वायरची साल कडक होऊन तडकली होती. स्क्रूला पेचकस लावला तर नुसत्या स्पर्शाने तो गरगर फिरला.

"हा जोड केला होता कुणी?" जावई विचारून बसला आणि त्याने जीभ चावली.

"मी. लोकांना सांगतो, अधूनमधून जोड आवळून घ्या. स्वतःच्या घरात कशाला? नाक होतं ना."

"सापडलं ना?" वहिनी बाळाला थोपटत म्हणाली. "झालं तर. देव पावला. उठा आता."

"झालं कुठे?" तो तसाच बसून. "बेकरीवाल्याकडे जाऊन आलोय मी. भट्टीच्या वर पोरं निजतात त्याची. शिवणवालीकडे गेलो होतो, घरात कापडाच्या गाठोड्यांशिवाय काही नाही. निर्धास्त झोपा, वास नाही, असं सांगून आलोय."

"अहो, पण गेलात कशाला?"

"बोलावलं. 'तुम्ही एकदा वास घेतलात की झोप लागते,' म्हणाली ती. नाही कसं म्हणू? नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

"फोन करून टाका," जावई म्हणाला.

नाकोबाने मानेनेच नाही म्हटलं. लेकीने त्याची औजारांची पिशवी उचलली. "बाळाचं दूध भरून ठेवलंय, आई. चला बाबा. सांगायचं तुम्ही, हुंगायचं मी."

ते गेले. जावई पाळणा माझ्या भिंतीकडच्या खोलीत हलवत राहिला. मी आणि वहिनी मागच्या पायरीवर बसलो. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली होती, त्याच्या हिशेबाने भाजायला आता कुठे योग्य वेळ झाली होती, आणि जाळीवर कोळसा झालेली कोंबडी तशीच पडलेली.

"ताई," वहिनी म्हणाली, "एकदा मी भाजीत मीठ घालायचं साफ विसरले होते. माझ्या पानात घेतल्यावर कळलं. हे तोवर जेवून उठले होते. म्हणाले, झक्क झाली होती." ती हसायला गेली आणि पदर डोळ्यांना लावला. "मी किती मिरवलं हो तुमच्यापाशी!"

ऊन उतरल्यावर दोघं परत आले. लेकीच्या नाकाला, गालाला काजळी. तीच बोलली. बेकरीत भट्टीमागचा प्लग काळा ठिक्कर निघाला. बेकरीवाल्याने भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, बाबांना आईवरून शिव्या घातल्या. बाबा मान खाली घालून प्लग बदलत राहिले. शिवणवालीकडे काहीच सापडलं नाही. तिने शिव्याही दिल्या नाहीत. मशीनवरून न उठता एवढंच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी कोणाच्या भरवशावर झोपले?"

"त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या," लेक म्हणाली आणि बाळाकडे आत गेली.

नाकोबाने औजारं एकेक करून आपापल्या आकृतीवर टांगली. टेस्टर शेवटी. तो टांगला, काढला, पुन्हा टांगला. हात धुऊन पायरीवर येऊन बसला तो एकदम म्हातारा दिसला. त्याच्याहून म्हातारी असून मला तसं वाटलं, ह्यावरून समजा. मी माझी काठी शोधत होते, पण उठवेना.

वहिनी आतून ताट घेऊन आली. भात आणि साधी बटाट्याची भाजी, वाफ निघत होती. ताट त्याच्या मांडीवर ठेवलं नाही, आदळलं. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"थंडीपासून रोज छान झालंय, छान झालंय. मला खेळवत होतात?"

त्याने घास घेतला. हळूहळू चावला, आत काही सापडतंय का ते शोधत असावा तसा. सापडलं नसावं. गिळला.

"खोटं बोलत होतात ना माझ्याशी?"

त्याने दुसरा घास हातात धरला आणि वर तिच्याकडे पाहिलं.

"गरम असायचं ना गं," तो म्हणाला.