दुसरी गोली

आमच्या कोचला एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्याच्या टीममधून कुणी जात नाही. दोहातल्या बाकीच्या कॉलेजांच्या मुलींच्या फुटबॉल टीम दर वर्षी अर्ध्या रिकाम्या व्हायच्या. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाच्या वडिलांची नोकरी जायची, कुणी सरळ कॅनडा गाठायची. आमच्याकडे मात्र जी आली ती पदवी घेऊनच बाहेर पडायची. नवी मुलगी आईवडिलांबरोबर कॉलेज बघायला आली की कोच हेच आधी सांगायचा, आणि मग म्हणायचा, "वी आर अ फॅमिली." मी धुतलेली जर्सी घालून त्याच्या शेजारी उभी असायचे आणि हसायचे. फी माफ होती, हसायला काय जातं.

मी गोली, म्हणजे गोलरक्षक. शाळेत उंच होते म्हणून मला दोन खांबांमध्ये उभं केलं आणि चेंडू अडवता येतात असं दिसल्यावर तिथून कुणी हलू दिलं नाही. कोचनं मला शाळेच्या एका सामन्यात पाहिलं आणि कॉलेज बघायला बोलावलं. माझे अब्बा उत्तरेकडच्या अल रुवैस बंदरावर कारकून. त्या दिवशी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले होते. सगळं बघून झाल्यावर मी हळूच त्यांना म्हटलं, "अब्बा, मला गोलमध्ये नाही उभं राहायचं. मला बायोलॉजी शिकायचीय." कोचनं हसत विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

"शी इज व्हेरी हॅपी, सर," अब्बा म्हणाले.

माझं इंग्रजी अब्बांपेक्षा कितीतरी चांगलं. पण बाप बोलल्यावर चारचौघांत त्याला खोटं पाडायचं, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही. शिवाय फी माफ झाली नसती तर मला रत्नागिरीला चुलत्यांकडे पाठवायचं ठरलंच होतं. मीही कोचकडे बघून हसले.

बायोलॉजी मिळाली, पण तिची लॅब दुपारी चारला आणि आमचा सरावही चारला. पहिल्या वर्षी कोच म्हणाला, लॅब पुढच्या वर्षी कर. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी कॉलेजनं कळवलं की या सत्रात लॅब केली नाही तर विषय बदलावा लागेल. कोचकडे उत्तर तयार होतं: स्पोर्ट्स मॅनेजमेंट. त्याचे सगळे तास सकाळी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टीममधल्या निम्म्या मुली स्पोर्ट्स मॅनेजमेंटला होत्या आणि आपण होऊन तिथे कुणीच गेलेली नव्हती. कुणी जात नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी चिडले, रडले आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे हातमोजे चढवले.

एवढं झाल्यावर कोचनंच वाट काढली. तो काही वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. म्हणाला, "मला दुसरी गोली मिळू दे, मी तुला सोडतो. तू टीमचं सामान सांभाळ, फी माफच राहील." गोली अशी रस्त्यावर मिळत नाही. कितीतरी शाळा पालथ्या घातल्यावर त्याला दोहाबाहेरच्या समैस्मा गावची एक मुलगी सापडली. वडील तिथल्या व्हिलांमध्ये एसीची कामं बघायचे. मुलगी माझ्याहून उंच होती. तिला कॉलेज दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

ती आईबरोबर आली. मी जिम दाखवली, लायब्ररी दाखवली, आतलं एसी मैदान दाखवलं. मी तिला कॉलेज विकत होते आणि मन लावून विकत होते. मुलगी सगळ्याला "ओके" म्हणत होती. आई मागून येताना पुटपुटली, "लई थंडगार हाय की हितं." मी गर्रकन वळले. "काकू, तुम्ही मराठी?"

"अगं बाई, तू मराठी हाईस व्हय!" त्यांनी माझा हातच धरला. "आम्ही कोल्हापूरचं. ही बया मराठी समजतीया समदं, पर तोंड उघडलं की इंग्लिश." मुलीनं डोळे फिरवले.

कोच गोलपोस्टजवळ उभा होता. तिथे पोचलो तशा काकू त्याच्या देखतच मला म्हणाल्या, "पोरी, आता खरं सांग. हितं हिचं बरं हुईल न्हवं?"

कोच हसत माझ्याकडे बघत होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, होय काकू, फार छान आहे म्हणून, की मी सुटले. चारला लॅबमध्ये. मला सुटायचं होतं. पण त्या बाईनं माझा हात अजून सोडला नव्हता. मी म्हटलं, "काकू, खेळ चांगला शिकवतात. पण एकदा आलं की सोडता येत नाही."

मला वाटलं, संपलं. तर काकूंचा चेहरा खुलला. "मग ह्येच पायजे! आमच्या पेठंत एकदा तालमीकडनं फुटबॉल खेळला की मरस्तोवर तिथंच. दुसऱ्या टीमला गेला तर त्येचं तोंड बघत न्हाईत. ह्या बयेनं पोहणं सोडलं, पियानो सोडला, फ्रेंच सोडलं. हिला कुणीतरी धरून ठिवणारंच पायजे बघ."

मी हसावं की रडावं मला कळेना. मी धोक्याची सूचना दिली होती आणि तिची शिफारस झाली होती. बरं, खोटं तर बोलले नव्हते. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं.

तेवढ्यात मुलगी बोलली. आईकडे न बघता, माझ्याकडे बघत, अडखळत, आणि मराठीत. "ताई, मला नको. मला गोलमधी नाय राहायचं."

"व्हॉट डिड शी से?" कोचनं मला विचारलं.

काकूंनी माझा हात दाबला. "सांग त्यास्नी, येती म्हणून. तिचं काय ऐकतीस!"

मला त्या मुलीचा भयंकर राग आला. इंग्रजी येतं ना तुला, मग सांग की त्याला तोंडानं! माझ्या गळ्यात कशाला? पण ती का सांगत नाही ते मला चांगलंच ठाऊक होतं.

"शी सेज नो, कोच," मी म्हणाले. "शी डझन्ट वॉन्ट टू."

काकूंना 'नो' कळायला इंग्रजी लागलं नाही. त्यांनी माझा हात सोडला. मुलीला पुढे घालून त्या दाराकडे चालू लागल्या. मुलगी दारातून एकदा वळून बघून गेली. कोचनं खांदे उडवले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम. आय स्टिल हॅव यू."

चारला थोडा वेळ होता. मी बाहेर उन्हात जाऊन अब्बांना फोन लावला. आज नवी मुलगी येणार हे त्यांना ठाऊक होतं. सकाळपासून फोनची वाट बघत होते.

"मिळाली काय गो दुसरी गोली?"

"नाही अब्बा. ती मला मराठीत म्हणाली, नको. कोचनं मला विचारलं, काय म्हणते."

पलीकडे क्रेनचा आवाज येत होता.

"मग तू काय सांगितलंस?"

"नको म्हणते, असंच सांगितलं."

"बरा केलंस, बाय," अब्बा म्हणाले. "माझ्यान ता झाला नाय."

मी आत गेले, हातमोजे चढवले आणि दोन खांबांमध्ये जाऊन उभी राहिले.