न्हाणीखालची माती

नव्वदच्या दशकात मामा जुनी घरं घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा. मी बारावीला आपटलो, म्हणून घरच्यांनी मला त्याच्या हाताखाली धाडलं. पहिला धडा हा की रंगाला भुलायचं नाही. "वरून कीर्तन, आतून तमाशा," म्हणत तो ताज्या रंगाची भिंत पायथ्याशी नखानं खरवडायचा. ओल कुठवर चढली ते बघायचं, तुळयांना वाळवी आहे का ते ठोकून ऐकायचं, मगच खर्चाचा अंदाज. मी मात्र पहिल्याच खोलीत आकडा सांगून मोकळा व्हायचो. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मामा म्हणायचा.

जवळा बाजार या गावातलं ते घर एका एकट्या म्हातारीचं होतं. घर आम्हाला विकून ती कुरुंद्याला भावाकडे निघाली होती. न्हाणीचं पाणी मुरून मागची भिंत पोखरली होती, तेव्हा न्हाणी उखडणं भागच होतं. आम्ही माप घेताना म्हातारी आडवी आली.

"तिथं नका खंदू."

"काहून, मावशी?" मामानं विचारलं.

"माझ्या लेकराची वार पुरली हाय तिथं. रागानं गेलंय, अजून आलं न्हाई. जिथं नाळ पुरली तिथं माणूस येतंच."

मामा खाली बसला. भिंत तर आज ना उद्या पडणारच होती. शेवटी तीच म्हणाली, "खंदा, पण माझ्यासमोर. मी संगं नेते."

मामानं स्वतः फरशी उचकटली. गाडग्याची खापरं आणि काळी माती निघाली, बस. ती माती तिनं पदरात बांधली. दारात जाऊन वळली.

"तो हितंच आला तर? कुरुंद्याचं त्याला काय ठाव?"

"इथं निरोप ठेवतो, आजी," मी म्हणालो.

मग माळवद गेलं, पत्रे आले. ओटा पाडला, लाकडी दाराच्या जागी लोखंडी दार बसवलं. विकताना मामानं नव्या मालकाला निरोप बजावून सांगितला. मी त्या बाजूला गेलो की त्या घरी डोकावायचो. कुणी आलेलं नसायचं.

म्हातारी कुरुंद्याला वारल्याचं कळलं, त्या वर्षीही गेलो. मालकीण म्हणाली, "एकजण आलता. दारासमोर लई येळ हुभा व्हता. मी इचारायच्या आतच म्हणला, 'ह्ये आमचं घर न्हवं,' अन् गेला."

घर आम्ही फार चांगलं दुरुस्त केलं होतं.