सगळ्यांची एकच भाजी
जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की मला पांढुर्ण्याला, सासरी घडलेली एक संध्याकाळ आठवते. माझे गुडघे दुखायचे आणि वजन उतरवल्याशिवाय आराम पडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी घरच्यांसाठी तर्रीची भाजी करायची आणि स्वतःपुरता दुधी उकडून ओट्याशी उभ्यानंच खायची. तो फिका दुधी घशाखाली उतरत नसे, कधीकधी डोळे भरून येत. सासूबाईंनी ते पाहिलं असावं. त्या दिवशी मी सौसरच्या शाळेत शिकवून परतले, तर त्या स्वतःच गॅससमोर उभ्या होत्या. चमचाभर तेलात त्यांनी जिरं, ठेचलेलं आलं-लसूण, हळद आणि मिरपूड टाकली, दुधी परतला, वरून मूठभर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून पेरला आणि सगळ्यांना तीच भाजी वाढली. सासऱ्यांनी ताटाकडे पाहून विचारलं, "आज तर्री नाही काय?" सासूबाई म्हणाल्या, "नाही. सूनबाई एकटी फिकं खाऊन राहिली अन् आपण तर्री ओरपून राहिलो. आजपासून सगळ्यायले हेच." तर्रीशिवाय घास न उचलणाऱ्या सासऱ्यांनी ताट पुढ्यात ओढलं. मग भाकर मोडत मला म्हणाले, "तू बी घे ताट, बस इथं." वजन सावकाश उतरलं, गुडघेही सुधारले. त्यात जिऱ्या-आल्याचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही. पण चवीचं आणि सगळ्यांसोबत जेवले, म्हणून माझं पथ्य टिकलं. परवा डॉक्टरांनी सासऱ्यांना मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा मी कुणाला न विचारता सगळ्यांच्याच भाजीत मीठ कमी टाकलं.