काळ्या बिअरचा प्रकार

शेजारी कोणीतरी जव भाजत होतं. त्या करपट वासानं अकोल्यातला एक उन्हाळा आठवला. थोरल्या भावानं जुन्या फ्रिजमध्ये काळी लागर, म्हणजे गारव्यातच मुरणारी बिअर, मुरवली होती. वीज गेली की आम्ही दोघं बर्फासाठी धावायचो. घरगुती बिअरच्या स्पर्धेला ती कोणत्या जर्मन प्रकारात पाठवायची, यावर दुपारभर वाद झाला. त्याला पावासारखी गोडसर 'डुंकेल' करायची होती. मला ती कोरडी, भाजक्या चवीची 'श्वार्त्झबिअर' लागत होती. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "जे बनवाचं होतं थे जाऊ दे. जे बनलं, थेच लिव." मी अर्जावर 'श्वार्त्झबिअर' लिहिलं. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकानं कळवलं, प्रकार अचूक, चव साधारण. भाऊ हसला आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला. हल्ली स्वतःच्या आयुष्याचं जे बनलं, त्याकडे पाहताना मला तेवढं मोकळं हसता येत नाही.