खिरापतीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

ईशा, निनाद, तुमची कुसुमआजी, म्हणजे माझी धाकटी बहीण, जाऊन पाच आठवडे झाले. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ती नेमकं कसलं गणित करायची? मी "अफवांचं" एवढंच म्हणाले. उत्तर अपुरं होतं, म्हणून हे लिहिते.

त्याची सुरुवात लहानपणी भुलाबाईच्या सणात झाली. बाभुळगावात आम्ही मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणायचो आणि शेवटी बंद डबा हलवून आतली खिरापत ओळखायचो. पहिली मुलगी ठासून "करंजी" म्हणाली की पुढच्या सगळ्या करंजीच म्हणत, स्वतः ऐकलेला आवाज विसरून. हे कुसुमने हेरलं. पुढे यवतमाळच्या कॉलेजात शिकवताना तिने त्याचंच गणित मांडलं. प्रत्येक माणूस एक ठिपका. कोणाचं बोलणं कोणापर्यंत जातं, ते बाण. रोज प्रत्येक ठिपका आपलं मत शेजाऱ्यांच्या मताकडे थोडं सरकवतो... आणि ज्याच्यापासून जास्त बाण निघतात, त्याच्याकडे सगळे ओढले जातात.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत बोललं जाऊ लागलं, की मुलांना शाळेत नेणाऱ्या ऑटोवाल्या युसूफभाईंना नीट दिसत नाही. आठवडाभरात नऊ घरांनी मुलं काढून घेतली. ऑटो दिवसभर उभा. कुसुमने त्या नऊ आयांना बोलावलं, आमचा खिरापतीचा डबा मध्ये ठेवला आणि म्हणाली, बोलू नका, लिहा. स्वतः काय पाहिलं? ऐकलं असेल, तर कोणाकडून? पाहिलेलं कोणीच नव्हतं. सात चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं.

आमच्या फाटकाशी उभ्या आयांना मी एवढंच म्हणाले होते, "युसूफभाईंचं वय झालं, दिसत असेल ना नीट?" माझ्या लेखी तो प्रश्न होता. पण त्यातल्या निम्म्या आयांना मीच शाळेत इंग्रजी शिकवलेलं.

"ताई, तुले कोणी उलटून इचारत नाही," कुसुम म्हणाली. "धोका तोच आहे."

मी युसूफभाईंकडे गेले. त्यांनी डोळे तपासल्याचा कागद पुढे केला. नजर उत्तम होती. "बाई, मले इचारलं असतं तं तेव्हाच दाखोला असता." मग नऊही घरांत जाऊन मी चूक सांगितली. सहा घरांतली मुलं ऑटोत परत आली, तीन घरांतली आली नाहीत. कुसुमने तेही वहीत टिपलं. माझी समजूत मात्र घातली नाही.

तिच्या वह्या कॉलेजात गेल्या. युसूफभाई अजून ऑटो चालवतात. डबा माझ्या कपाटात आहे. हलवला तर आवाज येत नाही; आत नऊ चिठ्ठ्या आहेत.